फोटो काढणं

आमच्या घरी भिंतीवर आजीचा फोटो आहे. चंदनाचा हार, तळाशी लाल मिणमिणता दिवा, सगळं रीतसर. फक्त त्या चौकटीत आजी नाही.

तिचा एकटीचा फोटो कधी निघालाच नव्हता. कॅमेरा दिसला की ती पदर ओढून आत निघून जायची. "फोटो काढला की आयुष्य कमी होतं," हे तिचं ठाम मत. ती गेली तेव्हा एका लग्नातल्या ग्रुप फोटोतून तिचा चेहरा कापून, मोठा करून घ्यावा लागला. ज्या दुकानात तो मोठा करायला दिला तिथल्या कारागिराने ब्रशने चेहरा स्वच्छ करून दिला. सुरकुत्या पुसल्या, कुंकू ठळक केलं, डोळ्यांत दोन पांढरे ठिपके ठेवले, ओठ मिटवले. फोटो घरी आल्यावर माझ्या मावशीने तो हातात धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "छान आलाय. पण कोणाचा?"

त्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालेलं नाही. पण आजीच्या भीतीला भलतीकडेच एक साथीदार मिळाला: फ्रेंच कादंबरीकार बाल्झाक. त्याचं म्हणणं असं, की प्रत्येक वस्तूवर पापुद्र्यांसारखे अतिसूक्ष्म थर असतात, कांद्यासारखे एकावर एक. फोटो घेताना यंत्र त्यातला एक थर ओढून काढतं. म्हणजे दर फोटोमागे माणूस एका पापुद्र्याने कमी होतो. आपल्या भाषेने हे जणू आधीच मान्य केलंय. आपण फोटो 'काढतो'. ज्या क्रियापदाने काटा काढतात, साल काढतात, रक्त काढतात, त्याच क्रियापदाने. आत असलेलं काहीतरी बाहेर येतं आणि माणूस थोडा उणा होतो, हे आजीला व्याकरणानेच शिकवलं असावं.

बाल्झाकची ही गोष्ट ज्याने लिहून ठेवली तो स्वतः फोटोग्राफर होता. 1900 साली, वयाच्या ऐंशीच्या घरात, त्याने आपल्या फोटोग्राफीच्या दिवसांच्या आठवणींचं पुस्तक प्रसिद्ध केलं, त्यात ती येते. वर तो मिस्कीलपणे म्हणतो, की बाल्झाकला एवढं घाबरायचं कारण नव्हतं. त्याच्या देहाचा घेर पाहता दोन-चार थर गेले असते तर फायदाच होता. या फोटोग्राफरचं नाव नादार.

हे त्याचं घरचं नाव नव्हे. खरं नाव गास्पार-फेलिक्स तूर्नाशाँ. जन्म पॅरिसचा, एप्रिल 1820. तरुण मित्रांच्या टोळक्यात शब्दांच्या शेपटाला 'दार' जोडून बोलायची टूम निघाली, तूर्नाशाँचं तूर्नादार झालं, आणि मग पुढचा भाग गळून मागे उरलं ते नादार. फ्रेंच कानाला या शब्दाला अर्थ नाही. मराठी कानाला मात्र फार आहे. नादार म्हणजे ज्याच्या खिशात दमडी नाही तो. शाळेत फी माफ करून घेण्यासाठी नादारीचा अर्ज करावा लागे, ते आमच्या आधीच्या पिढीला चांगलं आठवतं. शिवाय त्या नावात 'नाद'ही आहे, आणि या गृहस्थाला नाद किती होते ते पुढे येईलच. त्याचं बारसं एखाद्या मराठी आत्याने केलं असतं तरी याहून नेमकं नाव सापडलं नसतं.

वडील मुद्रक आणि प्रकाशक. धंदा बुडाला, 1837 मध्ये ते वारले. फेलिक्स ल्याँमध्ये वैद्यकी शिकत होता, ते सुटलं. पॅरिसला येऊन तो मिळेल त्या वर्तमानपत्रात लिहू लागला, व्यंगचित्रं काढू लागला. भाडं थकवणाऱ्या, एकमेकांचे कोट घालून हिंडणाऱ्या लेखक-चित्रकारांच्या घोळक्यात त्याचं तारुण्य गेलं. त्याच घोळक्यातल्या आंरी म्युर्जेने त्या दिवसांवर लिहिलेल्या गोष्टींतून पुढे पुच्चिनीचा प्रसिद्ध ऑपेरा झाला. 1848 मध्ये पोलंड स्वतंत्र करायला निघालेल्या एका स्वयंसेवक तुकडीत हा लांबसडक, लालकेसी तरुण सामील झाला आणि वाटेतच प्रशियात पकडला गेला. 1850 मध्ये कर्जापायी पॅरिसच्या क्लिशी तुरुंगात जाऊन आला. आपल्याकडे कर्जही काढतातच. नादारने ते आयुष्यभर काढलं.

तुरुंगातून सुटल्यावर त्याने एक अचाट बेत आखला. फ्रान्समधल्या सगळ्या नामवंतांची व्यंगचित्रं मोठमोठ्या कागदांवर छापायची: लेखक, नाटककार, चित्रकार, संगीतकार. 1854 मध्ये पहिला कागद निघाला, त्यावर अडीचशेच्या आसपास साहित्यिक, मोठ्या डोक्यांचे आणि काडीसारख्या पायांचे, नागमोडी रांगेत चाललेले. कागद गाजला, पैसे आले नाहीत. पण तो करताना नादारने अडीचशे चेहरे वाचले. कोणाचं नाक नव्हे तर नाकावरचा आव, कोणाची दाढी नव्हे तर दाढीमागचा संकोच. व्यंगचित्रकाराला चेहऱ्यात नेमकं काय फुगवायचं ते कळावं लागतं. फोटोग्राफरला काही फुगवता येत नाही, पण काय आहे ते आधी दिसावं लागतंच. नादारची शाळा ही अशी झाली, कॅमेऱ्याला हात लावायच्या आधी.

कॅमेरा आला तो धाकट्या भावाच्या निमित्ताने. आद्रियाँ चित्रकार, पण त्याचं बस्तान बसेना. नादारने त्याला फोटोग्राफी शिकायला घातलं आणि स्टुडिओ उभा करून द्यायला हातभार लावला. मग स्वतःलाही चटक लागली आणि त्याने सँ-लाझार रस्त्यावरच्या घरी आपलाही स्टुडिओ थाटला. भावाने 'धाकटा नादार' म्हणून सह्या करायला सुरुवात केली तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं. दोन भाऊ एका टोपणनावासाठी भांडले, आणि 1857 च्या डिसेंबरात निकाल थोरल्याच्या बाजूने लागला.

त्या भांडणातून निघालेला एक विचार मला सगळ्या खटल्याहून मोलाचा वाटतो. नादारने कोर्टापुढे मांडलं, की फोटोग्राफीचं शास्त्र तासाभरात शिकता येतं आणि हातातली कसरत एका दिवसात. शिकवता येत नाही ती उजेडाची जाण. आणि त्याहून शिकवता येत नाही ते समोरच्या माणसाच्या मनाशी झटकन जुळणारं नातं, ज्यामुळे तो आपल्या जवळच्या माणसांना जसा दिसतो तसा काचेवर उतरतो.

एका दिवसात शिकता येते म्हणाला ती कसरत सोपी होती असं मात्र समजू नये. ओल्या काचेचा जमाना होता तो. काच घासून लख्ख करायची. कोपऱ्याला धरून तिच्यावर कोलोडियन ओतायचं, मधासारखं दाट आणि इथरच्या वासाचं, आणि मनगट फिरवत ते चारी कोपऱ्यांत नेऊन उरलेलं बाटलीत परत ओघळू द्यायचं. धिरड्याचं पीठ तव्यावर पसरवणाऱ्या बाईला हे मनगट लगेच ओळखू येईल. मग अंधाऱ्या खोलीत सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. बोटं काळी पडत, डाग आठवडाभर जात नसत. काच ओली असेपर्यंतच तिला दिसतं. वाळली की आंधळी. म्हणजे बुडवल्यापासून कॅमेऱ्यात घालणं, झाकण काढणं, सेकंद मोजणं, परत अंधारात नेऊन चित्र उमटवणं, हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत आटपायचं. आणि ते काही सेकंद समोरच्याने हलायचं नाही. पुष्कळ स्टुडिओंत त्यासाठी मानेमागे लोखंडी चिमटा लावत. चिमट्यात धरलेला माणूस कसा दिसतो ते त्या काळच्या हजारो फोटोंत दिसतं: जणू दाढ काढायला बसलाय.

त्याच सुमारास, 1854 मध्येच, दिस्देरी नावाच्या गृहस्थाने एका काचेवर कित्येक छोट्या छबी घेण्याचं पेटंट घेतलं. भेटकार्डाएवढे फोटो स्वस्तात निघू लागले आणि पुढच्या काही वर्षांत अख्खं पॅरिस ते काढून घ्यायला लोटलं. मागे रंगवलेलं तळं, बाजूला खोटा खांब, हातात न वाचलेलं पुस्तक. किराणा दुकानदार सरदार दिसत आणि सरदार किराणा दुकानदार.

नादारच्या सुरुवातीच्या फोटोंत यातलं काही नाही. मागे साधा पडदा, वरून किंवा एका बाजूने येणारा उजेड, मांड्यांपर्यंतचा माणूस, अंगावर जाड गडद कापड. हातही बहुतेक वेळा खिशात नाहीतर कोटात. सगळा उजेड कपाळावर आणि डोळ्यांवर येऊन थांबतो. लेखक तेओफील गोतिये तर गळ्याशी मोकळ्या ढगळ सदऱ्यात उभा आहे, घरातून उठून तसाच आल्यासारखा. थोड्या नंतरच्या एका फोटोत वीस-एक वर्षांची नटी सारा बर्नार जाड वस्त्र गुंडाळून अर्ध्या खांबाला रेललेली आहे. खोटा खांब इथे आहे खरा, पण तिच्या नजरेपुढे तो कोणी पाहत नाही. ती अजून 'सारा बर्नार' झालेली नाही. होणार आहे हे काचेला कळलंय.

माझा आवडता फोटो कवी बोदलेरचा. तो खुर्चीत बसलाय, बसलाय म्हणण्यापेक्षा कलंडलाय. डोकं मागे टेकलेलं, चेहरा किंचित अस्पष्ट, नजर आपल्याकडे पण लांबून. या बोदलेरने 1859 मध्ये फोटोग्राफीवर सडकून टीका केली; हे यंत्र कलेच्या अंगणात घुसलं तर कलेचं वाटोळं करील असं बजावलं. तरीही तो नादारच्या कॅमेऱ्यापुढे पुनःपुन्हा बसला. यात विसंगती शोधणाऱ्यांनी शोधावी. मला तर ते सरळ वाटतं. त्याने तोंड यंत्राला दाखवलंच नव्हतं, फेलिक्सला दाखवलं होतं. गेल्या दहा-बारा वर्षांचा मित्र कापडाखाली डोकं घालून काहीबाही बडबडतोय, त्याला काय भ्यायचं? नादारचे उत्तम फोटो जवळपास सगळे या काळातले आणि अशाच माणसांचे आहेत. ज्यांची व्यंगचित्रं त्याने काढली होती, ज्यांच्याशी तो भांडला होता, ज्यांचे पैसे त्याच्याकडे होते किंवा त्याचे त्यांच्याकडे.

मराठीत 'ओळख' हा एकच शब्द दोन कामं करतो. दोघांत ओळख असते ती, आणि चेहरा पाहून ओळख पटते ती. नादारने हे दोन अर्थ वेगळे होऊ दिले नाहीत. पहिली ओळख असल्याशिवाय दुसरी काचेवर उमटत नाही, एवढंच त्याचं तंत्र. आजीचा फोटो ज्याने रंगवला त्या कारागिराकडे सफाई कमी नव्हती. त्याची आजीशी ओळख नव्हती.

मग 1860 मध्ये नादारने मोठा घास घेतला. कर्ज काढून कापुसिन बुलवारवरच्या 35 नंबरात काचेचा दर्शनी भाग असलेला आलिशान स्टुडिओ उघडला. इमारतीवर त्याची भलीमोठी सही, रात्री गॅसच्या दिव्यांनी उजळणारी, लाल. तो स्वतः लाल झगा घालून हिंडे. अख्ख्या पॅरिसला तो पत्ता पाठ झाला, गिऱ्हाइकांची रांग लागली. आणि फोटोंचा कस उतरला. कामं मदतनीस करू लागले, ज्या दिस्देरी छाप कार्डांना तो नाकं मुरडत होता तीच त्याच्या दुकानात शेकड्यांनी निघू लागली, खांब-पडदे आले. समोर बसणारा आता मित्र नव्हता, गिऱ्हाईक होतं.

या गिऱ्हाइकांबद्दल त्याने आठवणींत जे लिहिलंय ते वाचून हसू येतं आणि मग नाही येत. बायकांपेक्षा पुरुष जास्त नटवे, हा त्याचा अनुभव. दोन मित्र आपापल्या फोटोच्या प्रती पाहायला आले, चुकून एकाची दुसऱ्याच्या हातात गेली, आणि आपण भलत्याचंच तोंड पाहतोय हे लक्षात न येता फोटो पसंत झाला. माणसाला आपलाच चेहरा ओळखता येत नाही. तो ओळखायला दुसरं कोणीतरी लागतं.

मला वाटतं, या वर्षांत नादार चेहऱ्यांना कंटाळत गेला. नाहीतर तो इतका वर आणि इतका खाली का गेला असता? वर म्हणजे आकाशात. 1858 मध्येच त्याने दोराने बांधलेल्या फुग्यातून, पॅरिसजवळच्या पती-बिसेत्र गावावर लटकत, जमिनीचा फोटो घेतला. हवेतून घेतलेला जगातला पहिला. आधी कित्येक काचा नुसत्या काळ्या निघाल्या, कारण फुग्याच्या तोंडातून सुटणारा वायू खाली टोपलीतल्या रसायनांवर उतरत होता. तोंड बंद ठेवलं तेव्हा कुठे पुसटशी घरं उमटली. खाली म्हणजे पॅरिसच्या पोटात. विजेच्या दिव्याने फोटो काढण्याचं पेटंट त्याने 1861 मध्ये घेतलं, आणि बॅटऱ्यांचे ढीग ओढत नेऊन शहराखालच्या हाडांच्या भुयारांचे आणि मग गटारांचे फोटो काढले. तिथे एका फोटोला अठरा-अठरा मिनिटं लागत. इतका वेळ माणूस हलल्याशिवाय राहणार कसा? म्हणून त्याने मजुरांचे कपडे घातलेले पुतळे उभे केले. हाडांची गाडी ओढणारा तो मजूर पुतळा आहे. एका बोटाच्या हालचालीतून माणूस वाचणारा नादार पुतळ्याला टोपी घालून अठरा मिनिटं घड्याळ पाहत बसलाय, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

फुग्याच्या नादाने त्याला पुरतं नादार केलं. उडण्याचं भवितव्य फुग्यात नसून हवेहून जड यंत्रात आहे, असं त्याचं ठाम मत. आणि त्या यंत्राच्या प्रयोगांना पैसा उभारण्यासाठी त्याने बांधला काय, तर एक प्रचंड फुगा! 6,000 घनमीटरचा, खाली वेताची दुमजली माडी. 1863 च्या ऑक्टोबरात त्याची दुसरी फेरी जर्मनीत हॅनोव्हरजवळ शेतांतून फरफटत संपली. नादार जबर जखमी झाला, बरोबर असलेली बायको एर्नेस्तीनही. कर्ज मात्र सुखरूप राहिलं. या वेडात त्याचा साथीदार होता कादंबरीकार ज्यूल व्हर्न. आपल्या कादंबरीत चंद्राकडे सोडायच्या तोफगोळ्यात बसायला स्वतःहून धावत आलेल्या नायकाचं नाव त्याने मिशेल आर्दां ठेवलं, ते नादार या नावातली फ्रेंच अक्षरं हलवून. भा. रा. भागवतांच्या अनुवादांच्या बोटाला धरून ज्यूल व्हर्नच्या जगात शिरलेल्या मराठी मुलांना हा लालकेसी माणूस असा आधीच भेटलेला असतो, फक्त नाव बदलून.

1870 मध्ये प्रशियाने पॅरिसला वेढा घातला तेव्हा त्याच वेडाचा उपयोग झाला. मोंमार्त्रच्या सँ-प्येर चौकातून फुगे सोडून वेढ्याबाहेर टपाल पोचवण्याच्या कामात तो पुढे होता. पैसा उरला नाही. कापुसिन बुलवारची जागा सुटली. 1874 मध्ये त्याच रिकाम्या झालेल्या स्टुडिओत मोने, रनवार, पिसारो आणि मंडळींनी आपलं पहिलं प्रदर्शन भरवलं, ज्यातल्या मोनेच्या एका चित्रावरून पुढे 'इम्प्रेशनिस्ट' हे नाव पडलं. अधिकृत प्रदर्शनांबाहेर काढलेल्या चित्रकारांना उजेड मिळाला तो एका बुडालेल्या फोटोग्राफरच्या घरात.

म्हातारपणी त्याच्या हातून आणखी एक गोष्ट झाली. 1886 मध्ये शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ शंभर वर्षांचे झाले. नादार त्यांच्याशी बोलायला बसला आणि मुलगा पॉल त्यांचे फोटो घेत राहिला. आता काचा वेगवान झाल्या होत्या, हलू नका म्हणायची गरज उरली नव्हती. शंभर वर्षांचा म्हातारा बोटं नाचवतो, डोळे मोठे करतो, मुद्दा पटवतो, हसतो. मालिका खालच्या मजकुरासह छापून आली. सचित्र मुलाखतीची सुरुवात तिथून धरतात. बोलता बोलता चेहरा कसा येतो, हे नादारला तीस वर्षांपूर्वीच माहीत होतं. यंत्राला ते तेव्हा जमलं.

आणि मग एक शेवटचा फोटो, 1890 च्या आसपासचा. एर्नेस्तीनचा. ती अर्धांगाने आजारी आहे, केस पांढरेशुभ्र. अंगाभोवती जाड वस्त्र घेतलंय. हातात छोटासा फुलांचा गुच्छ, तो तिने ओठांशी धरलाय. नजर थेट समोरच्यावर. बस्स. मागे काही नाही. कापुसिन बुलवार नाही, लाल सही नाही, फुगा नाही. सँ-लाझारच्या दिवसांतला तो एका बाजूचा उजेड परत आलाय. फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थने छायाचित्रांवरच्या आपल्या पुस्तकात हा फोटो घेतला, पण ही बाई नादारची आई की बायको याचा उलगडा त्याला झाला नव्हता. फोटो बापाने काढला की मुलाने, यावरही जाणकारांत एकमत नाही. मला तो वाद गोड वाटतो. चेहरा इतका नातेवाइकाचा आहे, की बायको म्हणा, आई म्हणा, बसतंय. कॅमेऱ्यामागे कोणीतरी घरचं होतं, एवढं तिच्या नजरेत लिहिलंय.

एर्नेस्तीन 1909 मध्ये गेली. त्याच वर्षी ब्लेरियोने विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली आणि हवेहून जड यंत्राचा म्हातारा वकील नव्वदीच्या उंबऱ्यावरून त्याला अभिनंदनाची तार करता झाला. पुढच्या मार्चमध्ये तोही गेला.

परवा कपाट आवरताना तो लग्नातला ग्रुप फोटो सापडला, ज्यातून आजी कापून घेतली होती. म्हणजे तशी ती तिथेच आहे. दुकानदाराने कापली ती प्रत वेगळी. तिसऱ्या रांगेत, कडेला. सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि आजी मावशीकडे. मान वळलीय, तोंड उघडं, बहुतेक जेवणाच्या पंगतीबद्दल काहीतरी सांगतेय. हलल्यामुळे अर्धा चेहरा पुसट झालाय. म्हणूनच कारागिराला एवढी रंगरंगोटी करावी लागली असणार.

मावशीला फोनवर तो पाठवला. तिचं लगेच उत्तर आलं: "हो, हीच ती. मला म्हणत होती, मठ्ठा संपत आलाय."

भिंतीवरची चौकट मी काढलेली नाही. तिच्याखाली, दिव्याच्या बाजूला, हा पुसट फोटो टेकवून ठेवलाय.